उलटसुलट लिहिलेली वही

इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या वह्या सरळ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता येत नाहीत. पुढून उघडावी तर वायूंची मापं, तापमानाच्या नोंदी, उद्या करायच्या प्रयोगांची यादी. तीच वही उलटी करून मागून उघडावी तर कविता. कुठे कवितेच्या चार ओळी खोडून पाचवी लिहिलेली, तिच्या खाली बेरजा, कडेला एखादं रेखाचित्र, शाईचे डाग. वही दोन्ही टोकांनी भरत आणायची आणि मधे कुठेतरी गाठ पडू द्यायची, अशी त्याची सवय होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच्या सत्तरहून अधिक वह्या आहेत, थोड्या त्याच्या जन्मभूमीत, कॉर्नवॉलच्या अभिलेखागारात आहेत. त्यांतल्या ब्रिस्टलच्या काळातल्या, म्हणजे साधारण १७९९ ते १८०१ मधल्या वह्यांत कविता आणि प्रयोग एकमेकांना इतके खेटून येतात की कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं हे सांगणं कठीण व्हावं.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्राकाठच्या पेन्झन्स गावातला. वडील लाकडावर कोरीवकाम करत. १७९४ मध्ये ते गेले. मागे आई आणि पाच भावंडं, त्यांत हम्फ्री थोरला. घराला हातभार लागावा म्हणून पुढच्याच वर्षी तो गावातल्या बोर्लेस नावाच्या शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागला. तिथे औषधं कुटता-गाळताना त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. १७९७ मध्ये त्याने लव्हॉझिएचा ग्रंथ वाचला. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या त्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा गिलोटिनवर शिरच्छेद होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. कविता मात्र रसायनाच्याही आधीपासून होती. समुद्र, खडक, वारा आणि गावासमोरचा सेंट मायकेल्स माउंट हे तिचे विषय. म्हणजे हा रसायनशास्त्रज्ञ विरंगुळा म्हणून कवितेकडे वळला, असं झालेलं नाही. कविता लिहिणाऱ्या मुलाच्या हाती पुढे नळ्या आणि भट्ट्या आल्या.

ऑक्टोबर १७९८ मध्ये डॉ. थॉमस बेडोज यांनी या एकोणीस वर्षांच्या पोराला ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनला बोलावून घेतलं. वेगवेगळे वायू हुंगवून क्षय, दमा असे रोग बरे होतात का हे पाहायला बेडोज ‘न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन’ काढत होते, तिच्या प्रयोगशाळेचा कारभार डेव्हीकडे आला. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने वायू तयार करायची आणि हुंगायची उपकरणं आखून दिली होती. कोलरिज आणि सदी हे कवी याच परिसरात वावरत होते. आज विज्ञान आणि साहित्य यांची दालनं वेगळी, इमारती वेगळ्या. ब्रिस्टलमध्ये त्या दोन वर्षांत ही माणसं एकाच दिवाणखान्यात बसून एकाच पिशवीतला वायू हुंगत होती.

पण वही अशी का भरली गेली, हे समजून घ्यायला १७९९ च्या सुरुवातीची एक ठेच लक्षात घ्यावी लागते. बेडोजनी काढलेल्या संग्रहात डेव्हीचे उष्णता आणि प्रकाश यांवरचे निबंध छापून आले. विशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने थोडक्या प्रयोगांवर विश्वाचा सिद्धांत उभा केला होता. प्रकाश हा ऑक्सिजनचा घटक असतो असं मानून त्याने ऑक्सिजनला नवं नावही देऊन टाकलं होतं. समीक्षकांनी त्याची साल काढली. डेव्हीला हे फार लागलं. इतकी घाई केल्याची खंत त्याने पुढेही बोलून दाखवली. यानंतर छापायच्या मजकुरात तो कमालीचा सावध झाला. काय पाहिलं, किती मोजलं, कोण हजर होतं, एवढंच. छापील पानावरून हाकललेली कल्पनाशक्ती कुठेतरी जाणारच होती. ती वहीत गेली, असं मला वाटतं. त्या वह्यांना जी धग आहे ती या कोंडमाऱ्यातून आलेली आहे.

नायट्रस ऑक्साइड हा वायू प्रीस्टलीने १७७२ मध्येच तयार केला होता. अमेरिकेतल्या सॅम्युअल मिचिल या डॉक्टरचं म्हणणं होतं की साथीचे रोग याच वायूने पसरतात, हुंगला तर माणूस जगायचा नाही. डेव्हीने एप्रिल १७९९ मध्ये तो स्वतःच हुंगून पाहिला. अमोनियम नायट्रेट सावकाश तापवायचं, निघालेला वायू शुद्ध करून रेशमी पिशवीत भरायचा, नाक चिमटीत धरायचं आणि तोंडाने ओढायचा. छातीत आणि हातापायांत सुखाची लहर, कानांत आवाज मोठे झालेले, मग आवरता न येणारं हसू. मरण तर आलं नाहीच, माणूस नाचू लागला. त्यानंतर कित्येक महिने हा वायू त्याच्या आयुष्याचा भाग झाला. ५ मेच्या रात्री एव्हन नदीकाठी लख्ख चांदण्यात तासभर फिरून, मन प्रसन्न असताना, त्याने ताज्या वायूचे सहा क्वार्ट ओढले. क्वार्ट म्हणजे सुमारे एक लिटर. प्रयोगाआधी आपण चांदण्यात फिरलो, हे त्याने छापील अहवालातही नोंदवलं आहे, आणि ते नोंदवणं शास्त्राला धरूनच होतं. ज्या प्रयोगात मोजायची गोष्ट मनाची अवस्था आहे, तिथे मन आधी कसं होतं हे सांगावंच लागेल.

इथेच त्याच्या वाटेत मोठी अडचण आली. तापमापी काखेत धरता येते, नाडी घड्याळावर मोजता येते. पण ‘कसं वाटलं’ हे कशाने मोजायचं? डेव्हीने मित्रांना, रुग्णांना, ओळखीच्या स्त्री-पुरुषांना वायू दिला आणि प्रत्येकाकडून त्याचा अनुभव मागितला. कोलरिजने सांगितलं की बर्फातून चालून आल्यावर उबदार खोलीत शिरावं तशी ऊब अंगभर पसरली. सदीने भावाला पत्र लिहून कळवलं की डेव्हीने एक नवंच सुख शोधून काढलंय आणि त्याला भाषेत नाव नाही. एका रुग्णाने आपली अवस्था वीणेसारख्या तंतुवाद्याच्या नादाशी जोडली. दुसऱ्या कुणाला काहीतरी विचित्र वाटलं एवढंच म्हणता आलं. स्वतः डेव्हीनेही कबूल केलं आहे की या संवेदना दुसऱ्या कशासारख्याच नव्हत्या, म्हणून त्या सांगता येत नाहीत. प्रयोगशाळेतलं सगळं सामान जागेवर होतं, फक्त शब्द कमी पडत होते. मग शब्द घडवायचं जे एक साधन त्याला लहानपणापासून येत होतं ते त्याने हाती घेतलं.

वहीत नायट्रस ऑक्साइड हुंगण्यावर एक छोटी कविता आहे. आठेक ओळींची. सुरुवातीलाच ती बजावते की हे स्वप्नरंजन नाही, वासनेचा खेळही नाही. मग गालांवर चढलेली लाली, डोळ्यांतली चमक, तोंडात दाटलेला अस्फुट आवाज, हातापायांतला आतून उठलेला थरार आणि अंगात नव्याने आलेलं बळ, असं एकेक सांगत जाते. ही कविता मी त्याच्या अहवालाशेजारी ठेवून वाचली तेव्हा तिचा क्रम जाणवला. ती निरीक्षणाच्या शिस्तीने चालते. अवयवामागून अवयव, लक्षणामागून लक्षण. वैद्याकडची उमेदवारी इथे कवितेच्या कामी आली आहे. उलट त्या अहवालात ज्या जागी गद्य अडखळतं, नेमकी तीच जागा ही कविता धरते. ती थोर कविता आहे असं मी म्हणणार नाही. पण या दोन मजकुरांतला एक काढून घेतला तर दुसरा अपुरा राहतो, एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं.

मराठी वाचकाला यात परकं वाटावं असं फारसं नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं त्या नामदेवांनी शिंप्याचा गज, कात्री, सुई-दोरा हे सगळं भक्तीच्या रचनेत आणलं. सावता माळ्यांनी मळा आणला, गोरोबांनी चाक आणि माती आणली. हातातलं काम आणि ओठांवरची ओळ वेगळी ठेवायची आपली रीतच नव्हती. आपलं रसशास्त्रही श्लोकांतच लिहिलेलं आहे. पाऱ्याच्या संस्कारांवरचं ‘रसहृदयतंत्र’ आर्या वृत्तात आहे. मात्र तिथे छंद पाठांतरासाठी आहे आणि संतांकडे हत्यार हे रूपक म्हणून येतं. डेव्हीच्या वहीत वायू कशाचं रूपक नाही. तो पिशवीतला खराखुरा वायू आहे, आणि कविता त्याच्याबद्दलच आहे.

२६ डिसेंबर १७९९ चा प्रयोग या सगळ्याचा कळस. हवाबंद पेटीत डेव्ही बसला. काखेत वाकवलेली तापमापी, जवळ घड्याळ, बाहेर डॉ. किंगलेक. दर थोड्या वेळाने पेटीत वीस क्वार्ट वायू सोडायचा. सव्वा तास तो आत होता. बाहेर येताच त्याने पिशवीतून आणखी वीस क्वार्ट वायू ओढला. भोवतालच्या वस्तूंशी संबंध तुटला, डोळ्यांपुढून चित्रं धावू लागली, आपण नवे सिद्धांत मांडतो आहोत असं वाटलं. शुद्धीवर येताना किंगलेकना त्याने द्रष्ट्याच्या आवेशात जे सांगितलं त्याचा आशय असा, की अस्तित्वात आहेत ते फक्त विचार, आणि विश्व बनलं आहे ते मनावरच्या ठशांचं, कल्पनांचं, सुखाचं आणि दुःखाचं. हे वाक्य त्याने १८०० साली छापलेल्या ग्रंथात ठेवलं. मोजमापांनी भरलेल्या त्या जाड पुस्तकात हे एकच ठिकाण असं आहे जिथे वहीतला माणूस बाहेर आला.

याच ग्रंथाच्या शेवटाकडे त्याने सुचवलं की हा वायू शारीरिक वेदना घालवतो, तेव्हा फारसा रक्तस्राव नसलेल्या शस्त्रक्रियांत त्याचा उपयोग करता येईल. पुढची चव्वेचाळीस वर्षं ते कुणी मनावर घेतलं नाही. १८४४ मध्ये अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःचा दात उपटून घेतला. तोवर शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसं शुद्धीत किंचाळत होती. हे वाचताना जीव हळहळतो. डेव्ही स्वतःही त्या वाक्यापाशी थांबला नाही. त्याला वेदनेपेक्षा सुखाचं आणि विचाराचं कोडं जास्त ओढत होतं.

त्याच १८०० सालच्या जुलैत वर्ड्‌स्वर्थचं एक पत्र डेव्हीला आलं. दोघांची तोवर भेट झालेली नव्हती. ‘लिरिकल बॅलड्स’ची दुसरी आवृत्ती ब्रिस्टलला छापली जात होती आणि विरामचिन्हं आपल्याला नीट जमत नाहीत, तेवढी पाहून द्यावीत, अशी कवीची विनंती होती. इंग्रजी कवितेला वळण देणाऱ्या त्या पुस्तकाची मुद्रितं वायू तपासणारा एक तरुण वाचत होता. डेव्हीच्या स्वतःच्याही काही कविता आदल्या वर्षी सदीने काढलेल्या ‘अ‍ॅन्युअल अँथॉलॉजी’त आल्या होत्या. त्या मी वाचल्या आहेत. सफाईदार आहेत, काळाच्या रिवाजाला धरून आहेत, आणि वहीतल्या खोडाखोडीच्या ओळींपुढे फिक्या पडतात. वहीतल्या ज्या कवितेकडे तो वर्षानुवर्षं परत येत राहिला, नाव बदलत, ओळी बदलत, ती मूळची तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या विचारावरची. पदार्थ नाहीसा होत नाही, रूपं पालटत राहतो. दव, माती, झाड, देह यांतून तोच फिरतो. लव्हॉझिएने तराजूवर सिद्ध केलेलं वस्तुमानाचं अक्षय्यत्व इथे मृत्यूकडे पाहायची दृष्टी झालं आहे.

१८०१ मध्ये तो लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेला आणि बघता बघता शहराचा लाडका वक्ता झाला. कोलरिज त्याच्या व्याख्यानांना मुद्दाम बसायचा, कारण विचारलं तर आपल्या उपमांचा साठा वाढवायला येतो म्हणायचा. कविता छापणं जवळपास थांबलं, वहीत लिहिणं थांबलं नाही.

ऑक्टोबर १८०७ मध्ये त्याने पोटॅशवर विजेचा प्रयोग केला. पोटॅश म्हणजे लाकडाच्या राखेतून निघणारा खार. तोवरच्या रसायनशास्त्राला त्याचे तुकडे पाडता आले नव्हते. पाण्यात विरघळवून वीज सोडली तर नुसतं पाणीच फुटे. मग त्याने कोरडा खार किंचित ओलसर होऊ दिला, प्लॅटिनमच्या तबकडीवर ठेवला, तबकडी विद्युतघटाच्या ऋण टोकाला जोडली आणि वरून धन टोकाची तार टेकवली. खार वितळू लागला आणि खालच्या बाजूला पाऱ्यासारखे चकाकणारे बारीक गोळे दिसले. काही फटकन पेटले, काहींवर पांढरी पुटं चढली. राखेतून धातू निघाला होता, पोटॅशियम. तेव्हा त्याचा मदतनीस असलेला चुलतभाऊ एडमंड सांगतो की डेव्ही आनंदाने खोलीभर नाचू लागला आणि प्रयोग पुढे चालवण्याइतपत शांत व्हायला त्याला वेळ लागला. १९ ऑक्टोबरच्या वहीत हा प्रयोग अव्वल ठरल्याचं त्याने घाईच्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

नव्या धातूपासून पुन्हा पोटॅशच मिळतो, हे दाखवायला त्याने जे साधन वापरलं ते आमच्या हिंगोली-वसमत पट्ट्यात घराघरांत आहे. हळद. पूर्वेकडून जहाजांनी येणारी हळद युरोपात रंगारी आणि औषधवाले वापरत, आणि रसायनशाळेत तिच्यात रंगवलेला कागद खार ओळखायला ठेवलेला असे. खार लागला की पिवळा कागद तांबूस तपकिरी होतो. डेव्हीने पोटॅशियमचा गोळा ओल्या हळदीच्या कागदावर टाकला. गोळा पेटला आणि कागदावर इकडून तिकडे पळू लागला, जिथून गेला तिथे तपकिरी-तांबडी रेघ उमटली. १९ नोव्हेंबर १८०७ ला रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात हे आहे, आणि तो गोळा जणू ओलावा शोधत धावतो अशा अर्थाचं त्याने तिथे लिहिलं आहे. शास्त्राच्या सर्वांत मानाच्या व्यासपीठावर, धातूच्या कणाला तहान लावणारं हे वाक्य. वहीतली सवय अशी अधूनमधून निसटून बाहेर यायची.

आमच्याकडे जानेवारीपासून हळदीची काढणी लागते. कंद शिजवायचे, पंधरवडाभर उन्हात वाळवायचे, पॉलिश करून हळकुंडांची पोती मार्केट यार्डात न्यायची. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे, तिथे हळदीचं संशोधन केंद्रही आहे. पण डेव्हीने पाहिलेली तांबडी रेघ पाहायला संशोधन केंद्रात जावं लागत नाही. पाय मुरगळला की आजी हळदीत चुना कालवते आणि लेप बघता बघता लाल होतो. सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की तांबडा पडतो. चुना आणि साबण दोन्ही खाराच्या जातीचे, म्हणून हा रंग. शाळेतल्या मुलांना आम्ल-अल्कली शिकवताना हाच प्रयोग करून घेतात. तेव्हा या कागदावरून पोटॅशियम पहिल्यांदा धावलं होतं, हेही त्यांना सांगायला हवं.

निबंध वाचल्यानंतर काही दिवसांतच डेव्ही अंथरुणाला खिळला आणि आठवडेच्या आठवडे मरणाच्या दारात होता. उठला तेव्हा त्याने ती जुनी स्पिनोझावरची कविता पुन्हा हाती घेतली, आणि ती आता जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाची कविता झाली. पुढचं चरित्र सर्वांना ठाऊक आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोरीन, खाणकामगारांचा सुरक्षित दिवा, सरदारकी, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद. त्यावर मी रेंगाळत नाही. १८२६ च्या अखेरीस त्याला अर्धांगाचा झटका आला. उरलेली वर्षं तो युरोपात हिंडत राहिला, मासेमारीवर आणि जीवन-मरणावर संवादरूप पुस्तकं लिहीत राहिला. २९ मे १८२९ ला जिनिव्हात तो गेला.

वह्या पुढे धाकटा भाऊ जॉन याच्या हाती आल्या. तो स्वतः डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ. १८३६ मध्ये त्याने भावाचं चरित्र दोन खंडांत काढलं, मग समग्र लेखन नऊ खंडांत. कविता त्याने निवडून, नीटनेटक्या करून चरित्रात घातल्या, शोधनिबंध समग्र लेखनात गेले. भावाच्या कीर्तीसाठी त्याने हे मनापासून केलं, पण एका पानावरचा मजकूर दोन पुस्तकांत विभागला गेला तो तेव्हापासून. पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं रसायनशास्त्राच्या इतिहासकारांनी वहीची एक बाजू वाचली, काव्याच्या अभ्यासकांनी दुसरी.

लँकेस्टर विद्यापीठाच्या शॅरन रस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून या वह्यांची छायाचित्रं लोकांपुढे ठेवली आणि वाचून उतरवून देण्याचं आवाहन केलं. देशोदेशीच्या हजारो स्वयंसेवकांनी, त्यांत शिक्षक होते, निवृत्त माणसं होती, विद्यार्थी होते, ते गिचमिड अक्षर ओळ ओळ करून लावलं. पानं आहेत तशी उतरवली: खोडलेलं खोडलेलं ठेवून, उलटं लिहिलेलं कुठून उलटं आहे हे सांगून. त्यामुळे तारीख नसलेल्या ओळींचा काळ आता शेजारच्या प्रयोगावरून ताडता येतो, आणि एखाद्या प्रयोगाच्या वेळी डेव्हीच्या डोक्यात आणखी काय चाललं होतं हे शेजारच्या कवितेवरून कळतं. त्याने हयातीत न छापलेली वायूवरची कविताही या उतरवलेल्या पानांत तिच्या मूळ जागी, खाडाखोडीसकट कुणालाही वाचता येते.